मंडळाचा वकील, मंडळाचा न्यायाधीश

सिंगापुरात एका बँकेत नियम पाळले जातात की नाही हे बघायची माझी नोकरी. पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी पासिर रिसच्या घरी येऊन स्वतःच्या ऐकायच्या, हा दिनक्रम. शिवाय अकरा वर्षं मी आमच्या मराठी मंडळाची वकिली केली. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. बायको अजूनही रोज एकदा तरी म्हणतेच.

वकिली म्हणजे मंडळाविरुद्ध आलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर लिहायचं. मसालेभात कमी पडला, कुणाच्या मुलीचा नाच अर्ध्यावर बंद केला, हळदीकुंकवाचं बोलावणं तिकडे यिशुन भागातल्या बायकांना पोचलंच नाही. चूक बहुतेक वेळा आमचीच असायची. पण मी असं काही लिहायचो की तक्रार करणाऱ्यालाच वाटावं, भात आपणच जास्त खाल्ला असणार. एकही प्रकरण हरलो नाही. लोक मला महाधिवक्ता म्हणायला लागले. टोमणा होता, कळत होतं, पण आवडायचा. खोटं कशाला बोलू?

माझं मुख्य हत्यार म्हणजे चौदा दिवस. तक्रार आली की समितीला लेखी उत्तरासाठी चौदा दिवस मिळतील, असं कलम मीच मंडळाच्या घटनेत घुसवलं होतं. चौदा दिवसांत जेवण पचतं, रागही पचतो. उत्तर जाईपर्यंत तक्रार कशाची होती हेच माणूस विसरलेला असतो.

दुसरं कलम पूजेचं. गणपती बसवायच्या दिवशी मुख्य पूजेला कोणी बसायचं याची आमच्याकडे यादी आहे. वर्षाला एकच नंबर लागतो. इथे सरकारी फ्लॅट लवकर मिळतो, पूजा नाही. नऊ वर्षांपूर्वी एका ब्रह्मचाऱ्याचा नंबर आला आणि नेमकी त्याच वर्षी अध्यक्षांची बहीण आणि मेहुणे इथे राहायला आले. अध्यक्ष मला म्हणाले, ‘काहीतरी कर रे.’ हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, चहा पितापिता मी लिहून दिलं: ‘परंपरेनुसार पूजेचा मान जोडप्यालाच.’ मंडळ तेव्हा इनमिन सहा वर्षांचं. कसली परंपरा न् कसलं काय! पण कुणी विचारलं नाही. त्या ब्रह्मचाऱ्याचं पुढे लग्न झालं आणि विषय मिटला.

गेल्या वर्षी सभासदांनी ओरडा केला की तक्रारींवर निकाल द्यायला कोणीतरी निःपक्षपाती माणूस हवा. अध्यक्षांनी माझं नाव सुचवलं. मंडळाच्या बाजूने अकरा वर्षं भांडलेला माणूस निःपक्षपाती! सभेत एकाने विचारलं, ‘तुम्ही दोन्ही बाजू ऐकाल ना?’ मी म्हटलं, ‘अर्थात.’ तेवढ्यात जेवणाची पानं मांडली गेली आणि नेमणूक एकमताने झाली. मुदत सिंगापूर सोडेपर्यंत. मी इथला कायमचा रहिवासी, म्हणजे जवळजवळ आजन्मच. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘आधी भांडी तरी लावा, न्यायमूर्ती.’

माझं पहिलं खरं प्रकरण या वर्षी, गणपतीच्या नऊ दिवस आधी आलं.

यिशुनला राहणारी एक बाई. सेहेचाळीस वर्षांची, सॉफ्टवेअरमधली, लग्न न केलेली. आमच्याकडे गुरुजी मिळत नाहीत, म्हणून दर वर्षी हीच यजमानांच्या मागे पाट टाकून बसते आणि पूजा सांगते. सगळे मंत्र पाठ. अकरा वर्षं तिने जोडप्यांना आचमन शिकवलं. अकरा वर्षांपूर्वीच यादीत आपलंही नाव घातलं होतं, माझ्या त्या दिव्य कलमाच्याही आधी. यंदा तिचा नंबर आला आणि समितीने एक ओळ पाठवली: जोडपं नाही, सबब नाव वगळलं.

आम्ही तिघं भेटलो, ती, अध्यक्ष आणि मी. पाया लेबारच्याच हॉकर सेंटरमध्ये, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. तिने आवाज चढवला नाही.

‘दादा, माझी नोकरी गेली आहे,’ ती म्हणाली. ‘इथे राहायचा पास संपायला बावीस दिवस उरलेत. मग पुण्याला, कायमची. गणपती नऊ दिवसांवर आलाय. पुढच्या वर्षी मी इथे नसणार. यंदा मला बसू द्या.’

अध्यक्षांनी चहात साखर ढवळली आणि माझ्याकडे बोट केलं. ‘नियम तर यांनीच लिहिलाय.’

आता खरं सांगतो. निकाल काय द्यायचा हे मला त्याच क्षणी माहीत होतं. कलम माझं, ते कशासाठी लिहिलं हेही मलाच ठाऊक. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर अध्यक्ष, ज्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. मंडळी काय म्हणतील, याने स्वतःच लिहिलेलं स्वतःच फाडलं? घाबरलो मी. आणि घाबरलेला वकील जे करतो तेच केलं.

‘समितीने लेखी उत्तर द्यावं,’ मी म्हणालो. ‘नियमाप्रमाणे चौदा दिवसांत.’

तिने मनात हिशोब केला. ‘म्हणजे गणपती बसल्यावर पाच दिवसांनी.’

‘कार्यपद्धती आहे,’ मी म्हणालो.

ती ‘बरं’ म्हणाली आणि ट्रे उचलून घेऊन गेली. घरी बायकोने विचारलं, निकाल काय दिलात? मी म्हटलं, राखून ठेवलाय. ‘राखून ठेवायला ते काय लोणचं आहे?’ ती म्हणाली.

गणपती बसले. यादीतलं पुढचं जोडपं पाटावर बसलं आणि ती नेहमीसारखी त्यांच्या मागे. मला वाटलं होतं, येणार नाही. आली. ‘उजव्या हातावर पाणी घ्या. तो डावा.’ संकल्पाच्या वेळी यजमानांना गोत्र आठवेना. त्यांनी बायकोकडे बघितलं, बायकोने फोनकडे. मागून ती हळूच म्हणाली, ‘काश्यप म्हणा.’ मी पहिल्या रांगेत बसलो होतो. न्यायाधीशांसाठी खास खुर्ची ठेवतात. मला त्या खुर्चीची लाज वाटली, पण उठलो नाही.

चौदाव्या दिवशी समितीचं उत्तर आलं. त्यात सगळी परंपराच होती. पंधराव्या दिवशी मी निकाल लिहिला. सहा पानं. माझ्याच कलमाची मी अशी सालटी काढली की काय सांगू. ही परंपरा चहाच्या टेबलावर जन्मली, हेसुद्धा लिहिलं. कलम रद्द. मंडळात जो तो वा वा करायला लागला. खुद्द अध्यक्षांनी हात हातात घेतला: ‘याला म्हणतात न्याय!’ त्यांचं आता काय जात होतं? कुणीतरी शाल-श्रीफळाची गोष्ट काढली.

तिचा पास संपायला सात दिवस होते. निकाल हातात द्यावा म्हणून मी यिशुनला गेलो. घरभर खोकी, भिंती रिकाम्या. तिने बसायला स्टूल दिलं आणि उभ्याउभ्या सहाही पानं वाचली. लाज अजून गेली नव्हती, तरी मी कौतुकाचीच वाट बघत होतो.

तिने पानं नीट दुमडून माझ्या हातात परत दिली.

‘निकाल तुम्ही माझ्याच बाजूने देणार, हे मला त्या दिवशी तिथेच कळलं होतं, दादा,’ ती म्हणाली. ‘मला पूजेला बसायचं होतं.’