कुत्र्यासाठी तारल्या

लग्न होऊन मी परळला आले, तेव्हा आमच्या खोलीत खाणारी तोंडं तीन होती. हे, मी आणि एक कुत्रा. हे गिरणीच्या कापसाच्या गोदामावर पहारेकरी होते. कुत्रा रात्री यांच्याबरोबर राखण करायचा आणि सकाळी यांच्या मागोमाग घरी यायचा. आमचं उरलेलं तिखट कालवण भाकरीत कालवून मी त्याला घालायचे.

त्या थंडीत त्याचे केस गळू लागले. कातडीला कोंडा धरला, पाठीवर चट्टे पडले. बिचारा सारखा खाजवत बसे. मुकादमाने यांना बजावलं, "हा खरजुला कुत्रा फाटकाशी नको. दुसरा बघा."

हे घरी आले ते जेवलेच नाहीत. "माझ्या आधीपासून गोदाम राखतोय तो," एवढंच म्हणाले आणि त्या रात्रीपासून त्याला घरीच ठेवू लागले.

वरळीची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तिने टोपली उतरवली आणि कुत्र्याच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करून पाहिले.

"काय घालतेस गो याला?"

मी सांगितलं.

"तिखटमीठ बंद कर आधी. आमची जाळी राखणारी कुत्री बघ, कशी चकचकतात! तारल्या खातात ती, तेलकट मासळी. बिनमिठाच्या उकड, काटे काढ नि भातात कुस्करून दे. पोटात तेल गेलं की केस धरतील."

मग आमच्या दारी आली की मूठभर तारल्या ती वेगळ्या काढून ठेवी. "फुटक्या आहेत, कोण घेतंय?" म्हणे. मी निवडायला बसे, तर त्यात फुटकी एकही नसे. या शहरात मला माहेरचं कुणी नव्हतं. तिची हाक ऐकली की बरं वाटायचं.

आधी खाज थांबली. मग चट्ट्यांवर बारीक लव आली. शिमग्यापर्यंत अंगावर असा तुकतुकीत केस आला की हे त्याला परत गोदामावर घेऊन गेले, तर मुकादमाने विचारलं, "हा कुठून आणलात?"

"जुनाच आहे, साहेब," हे म्हणाले.

त्या दिवशी यांनी मावशीला जेवायला थांबवलं. ती नको नको म्हणत होती. यांनी स्वतः तिच्यासाठी पाट मांडला, स्वतः वाढलं. आमच्या घरात पुरुषाने वाढलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.