सतीशचं पहिलं पिस्तूल

भरपूर चौकशी केल्याशिवाय ज्याला साधी सुरीही विकत घेता येत नाही, अशा एका माणसाशी तरी मैत्री ठेवावी. किस्से शोधत फिरावं लागत नाही! आमच्या सतीशने मिक्सर घेतला तेव्हा आमचा अख्खा पावसाळा मजेत गेला होता. यंदा त्याला पिस्तूल घ्यायचं होतं. सिंगापुरात तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्समधलं, आमचं शनिवारचं टेबल एकदम भरायला लागलं.

सतीश तुआसच्या एका शिपयार्डमध्ये इंजिनिअर. त्याला बदली आली अमेरिकेत, ह्यूस्टनला. तिथे निम्मा महिना तो समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असणार. घरी बायको मृणाल आणि प्रायमरी फाइव्हमधली, म्हणजे पाचवीतली, मुलगी ईरा, दोघीच. मृणालने अजून 'हो' म्हटलं नव्हतं. हातात पिस्तूल असलं की ती निर्धास्त येईल, हा सतीशचा हिशोब. तिथल्या कलीगने त्याला सांगितलं होतं, "आधी घर बघ, मग पिस्तूल." याने पिस्तुलापासून सुरुवात केली!

*

पहिल्याच शनिवारी सतीश जागा धरायला आपला महागडा फोन टेबलावर ठेवून कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, रांगेत गेला. आरामात परत आला. फोन जागच्या जागी. खुर्ची ओढत म्हणाला, "सेफ्टीचं काही सांगता येत नाही हो हल्ली!"

टेबलावरच्या रिटायर्ड कॅप्टन साठेंना असा ठसका लागला की त्यांची कोपी माझ्या शर्टावर.

*

कॅप्टनच्या जहाजावर चाच्यांच्या भीतीने कधीकधी बंदूकधारी गार्ड असायचे. त्यातल्या एकाला त्यांनी विचारलं होतं, पहिलं पिस्तूल कुठलं घ्यावं? तो म्हणाला, "जे हाताला बसेल ते."

"म्हणजे चपलेसारखंच!" मी म्हटलं.

सतीश लगेच आपली वीत मोजायला लागला. मृणाल नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या हातांचाच अभ्यास. ती शांतपणे म्हणाली, "तू प्लॅटफॉर्मवर असणार ना? मग हात कोणाचा मोजायचा?"

खरं सांगतो, टेबलावरच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

*

आमच्या हिची शंका वेगळीच. "दसऱ्याला त्याची पूजा करायची ना? हळदकुंकू नळीत गेलं तर?"

आम्ही इतकी वर्षं शस्त्र म्हणून लॅपटॉपला झेंडू वाहतोय. खरं शस्त्र आल्यावर काय करतात, कोणाला ठाऊक! मलाही उत्सुकता होती. सतीशने ह्यूस्टनच्या एका दुकानाला चक्क मेल टाकला: नळीत थोडी पावडर गेली तर चालेल का?

दुकानवाल्यांना पावडर म्हणजे बंदुकीची दारूच वाटली. उत्तर आलं, "बाहेरची पावडर वापरल्यास वॉरंटी राहणार नाही."

*

"पण घरात ठेवणार कुठे?" मृणालने विचारलं.

"तिजोरीत. कोड टाकल्याशिवाय उघडतच नाही."

ईराने मायलोच्या ग्लासातून मान वर केली. "पप्पा, युअर कोड ऑल्वेज माय बर्थडे. एव्हरीबडी नोज, लाह!"

सतीश हादरला. त्याच आठवड्यात त्याने वायफायपासून बँकेपर्यंत सगळे पासवर्ड बदलले. आता सगळीकडे मृणालचा वाढदिवस आहे.

*

इथे पिस्तूल हातात धरून बघायची सोय नाही. म्हणून लाँग वीकेंडला आम्ही दोन्ही कुटुंबं बँकॉकला गेलो. ईराला घेऊन आमची ही मॉलमध्ये, आणि सतीश, मृणाल, मी शूटिंग रेंजवर.

सतीशने बायकोसाठी पर्समध्ये मावेल असं नाजूक पिस्तूल निवडलं. इन्स्ट्रक्टरने ते बाजूला ठेवलं. छोटं जास्त उसळतं म्हणाला, आणि तिला मोठं, जड दिलं. ते तिच्या हाताला अगदी नीट बसलं. सतीशचा चेहरा खुलला.

समोर कागद लावला होता, त्यावर माणसाची काळी आकृती. मृणालने विचारलं, "नुसते गोल असलेला कागद नाही का?"

"मॅडम," इन्स्ट्रक्टर म्हणाला, "घरात गोल येत नाही. माणूस येतो."

तिने त्या काळ्या आकृतीकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने पिस्तूल रोखलं आणि सगळ्या गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणला तर सगळी भोकं छातीवर! सतीश टाळ्या वाजवायला लागला.

मृणालने पिस्तूल हलकेच खाली ठेवलं. कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढले.

"जमतंय रे मला," ती म्हणाली. "आता ह्यूस्टनला तू एकटा जा."