शटरच्या आतला आकडा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. काम करता करता, चहा पिता पिता, कुणाची तरी खेचता खेचता ते आपोआप साठत जातात. आणि ज्याची खेचली तोच गेला, की मग सगळे एकदम बाहेर येतात.

पंक्याच्या जलदान विधीला हेच झालं. वंदना झाली, जेवणं झाली आणि अंबरनाथला त्याच्या घरासमोर खुर्च्या टाकून मोठी माणसं पंक्याचे किस्से सांगत बसली. प्रत्येक किश्श्यात पंक्या बारीक! काडी, पतंग, कपड्यांचा हँगर. डोळे पुसत होते आणि हसत होते.

मी तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो. किस्से तेच आहेत, फक्त मी ते गोड करणार नाही.

दुकान आधी सांगतो. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये लछूसेठचं बॅटरीचं दुकान आहे. जुन्या लॅपटॉपच्या, ई-सायकलच्या बॅटऱ्या फोडायच्या, त्यातले जिवंत सेल निवडायचे, त्यांचे नवे पॅक बांधायचे आणि इलेक्ट्रिक स्केटबोर्डखाली लावायचे. चार चाकांची फळी, खाली मोटर, हातात रिमोट. वर उभं राहायचं आणि सुटायचं. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून तिथे लागलो. पंक्या बारावी सोडून. सेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "दोनों इंजिनिअर हैं!"

*

पंक्याचा इंटरव्ह्यू मी पाहिलाय. सेठने शिक्षण विचारलं नाही, सोल्डरिंग येतं का तेही विचारलं नाही.

"वजन कितना?"

"चौपन्न."

"बस! कल से आ जा."

त्याचं असं आहे. एका चार्जमध्ये बोर्ड किती जातो, हे गिऱ्हाईक सगळ्यात पहिलं विचारतं. ते मोजायची सेठची एक पद्धत होती. बोर्ड पूर्ण चार्ज करायचा, पहाटे मोकळा सपाट रस्ता धरायचा आणि वर उभा करायचा दुकानातला सगळ्यात हलका माणूस. बॅटरी मरेपर्यंत चालवायचं. मोबाईलवर जो आकडा दिसेल तो सेठ काळ्या मार्करने शटरच्या आतल्या बाजूला लिहायचा. मार्कर कायम त्याच्या शर्टाच्या खिशात. शटरवर जो आकडा, तोच बोर्डाच्या स्टिकरवर.

पंक्या यायच्या आधी ते काम माझ्याकडे होतं. मी एक्क्याऐंशी किलो. माझा आकडा अठरा किलोमीटर. पंक्याने पहिल्याच पहाटे चोवीस काढले! सेठने माझा अठरा थिनरने पुसला आणि मला म्हणाला, "तू अब चाय ला."

*

बदलापूरला शिरगावात एक जिमवाला होता. छाती म्हणजे डबल दरवाजा. तो चोवीसचा स्टिकर बघून बोर्ड घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी फोन आला. सेठने स्पीकरवर टाकला.

"सेठ, चोवीस लिहिलंय, तेराला मेला! फळी काखेत घेऊन पेट्रोल पंपासमोर उभाय मी. लोक विचारतायत पेट्रोल कुठून टाकतात!"

सेठ शांत. "साईं, नाश्ता करके निकले थे क्या?"

तिकडचा आवाज एकदम खाली आला. मग हळूच, "...हो."

"तो फिर?"

फोन कट! आम्ही पोट धरून हसलो.

पंक्या हसला नाही. त्याने सेठच्या खिशातला मार्कर काढला आणि शटरवर चोवीसच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'फक्त पंक्यासाठी'. सेठने पुसलं. पंक्याने परत लिहिलं. परत पुसलं. परत लिहिलं. तिसऱ्यांदा सेठने सोडून दिलं. शटरची आतली बाजू गिऱ्हाईक बघतंय कशाला!

*

पंक्याचं एकच वेड होतं. बारवी. आमच्या दुकानापासून बारवी धरणापर्यंत एका चार्जमध्ये जायचं आणि त्याच चार्जमध्ये परत यायचं. जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास, शिवाय चढ. आमच्या कुठल्याच पॅकची ती ऐपत नव्हती. तरी एका रविवारी निघालो. तो बोर्डवर, मी मागून स्कूटरवर.

धरण दिसलं, तो नाचला आणि परतीच्या पहिल्याच चढाला बोर्ड मेला. स्कूटरवर घेत होतो, नाही आला. म्हणाला, "चढापुरता तरी चालतो. फळीची लाज राखतो." बोर्ड खांद्यावर.

वर वाडीवरची एक म्हातारी लाकडाची मोळी उतरवून दम खात बसली होती. तिने खालीवर बघितलं.

"काय रं पोरा, चाकं हायत ना तिला?"

"हायत मावशी."

"मंग तू का तिला नेतंस?"

"येताना तिने मला आणलं. आता माझी पाळी!"

म्हातारी अशी हसली की मोळी कलंडली. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "जेवतंस ना रं पोटभर?"

हे विचारणारी ती पहिली. आणि शेवटची. आमच्यातलं कोणी नव्हतं ते.

*

त्यानंतर शटरवरचे आकडे वाढायला लागले. चोवीसचे सव्वीस. सव्वीसचे अठ्ठावीस. पॅक तोच, मोटर तीच, रस्ता तोच! सेठची खात्री पटली की सेल निवडायचा त्याचा नवा फॉर्म्युला लागू पडला. फॉर्म्युला काय होता? सेल कानाशी धरून हलवायचा!

अठ्ठावीस झाले तेव्हा सेठने जिलबी आणली. पंक्याने एक कडं घेतलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "जात नाही रे."

त्याच दिवसांत त्याची पँट सुटायला लागली. त्याने सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि पट्ट्याला जाळून नवं भोक पाडलं. पंधरा दिवसांनी अजून एक. मग अजून एक. जळलेल्या रेक्झिनचा वास दुकानभर.

मी म्हणालो, "पंक्या, अजून चार भोकं पाड, मग पट्टा टेबलाला बांधायला दे!"

हा माझा जोक. सगळ्यात जास्त मीच हसलो. मोठ्यांना शिव्या घालायच्या आधी हा मांडून ठेवतो.

*

आता मोठे.

खोकला सुरू होऊन दोन महिने झाले होते. सेठ म्हणाला, "सोल्डर का धुआँ है, मेरेको भी होता था." दुकानाला खिडकी पाडू म्हटलं तर म्हणाला धूळ येईल.

पंक्याचे पप्पा अंबरनाथला कंपनीत फिटर. ते म्हणाले, "रात्रीचा मोबाईल बंद कर, अंगाला लागेल." पंक्याने मोबाईल बंद केला. रात्री खोकत पडायला लागला, अंधारात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी लाल औषध दिलं. ते संपल्यावर हिरवं दिलं. "हवा बदललीये," म्हणाले. हवा तीच होती. बाटली बदलली.

आणि माझे बाबा! ते एकदा मला झापायला दुकानात आले. कॉलेज सोडून फळ्या खेळतो म्हणून सेठसमोर माझी अर्धा तास पूजा घातली. निघता निघता नजर पंक्यावर पडली. मला म्हणाले, "शरीर बघ त्याचं. एक ग्रॅम चरबी नाही. शीक काहीतरी!"

पंक्या मान खाली घालून सेल मोजत होता. बाबा गेल्यावर म्हणाला, "सुज्या, फार दिवसांनी कोणीतरी तारीफ केली रे माझी."

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. सांगायची हिंमत नाही म्हणून नाही. सांगितलं तर ते म्हणतील, "मला काय माहीत?" आणि मग मी काय करेन ते मला माहीत नाही.

*

चौतीसचा किस्सा. जलदानाच्या दिवशी सेठने हाच सांगितला, छातीवर हात ठेवून. "अपना पंकज चौंतीस गया था! आज भी शटर पे लिखा है." लोकांनी माना हलवल्या.

मी होतो त्या पहाटे. मागे स्कूटरवर. सेठ घरी झोपला होता.

पंक्या इतका हळू चालवत होता की मला स्कूटरचा तोल सांभाळता येईना. कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होती. मी ओरडलो, "अरे पळव ना!"

"वेग घेतला की वारा लागतो."

"मग?"

"वाऱ्याने खोकला येतो रे."

म्हणून हळू. आणि हळू गेलं की बॅटरी जास्त पुरते, हे मी त्याला स्वतः शिकवलेलं. मध्ये चार वेळा थांबला, रस्त्याकडेला बसला, रुमाल तोंडाला लावला, उठला, परत चढला. सूर्य चांगला वर आला तेव्हा बोर्ड मेला. मोबाईलवर चौतीस.

सेठ मार्कर काढून नाचत शटरकडे गेला. पेढे आले. पंक्याने तेवढ्यातही चौतीसखाली आपली ओळ लिहिलीच, 'फक्त पंक्यासाठी'. अक्षर वाकडं आलं.

माझी मात्र जळली. तोच बोर्ड रात्री चार्ज करून दुसऱ्या पहाटे मी घेऊन गेलो. अठरा! बरोब्बर अठरा, पहिल्या दिवशी होते तेवढेच. म्हणजे बॅटरी एका किलोमीटरनेही सुधारली नव्हती.

मी सेठला सांगितलं. सेठ म्हणाला, "तू मोटा है."

आणि मी गप्प बसलो! माझ्या हातात दोन आकडे होते. माझा हलला नव्हता, त्याचा दहाने वाढला होता. बॅटरी तीच, मग बदललं कोण? तिसरीतल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी दोन वर्षं इंजिनिअरिंग केलेला. मी चहा आणायला गेलो.

*

हा मागच्या महिन्यातला. चौतीसचे स्टिकर अजून लागतात. एक कल्याणचा माणूस आला, चांगला धिप्पाड, घामाघूम, बोर्ड काउंटरवर आपटला.

"एकोणीस! एकोणीसच्या पुढे एक इंच जात नाही. कोण गेला हो चौतीस? कोण? समोर उभा करा त्याला!"

सेठ सेल हलवत होता. हलवायचा थांबला. नाश्त्याचं विचारलं नाही.

"बोला ना! आहे का कोणी असा माणूस?"

मी शटर अर्धं खाली ओढलं, आतली बाजू दाखवायला. त्या माणसाने चौतीस वाचलं, खालची ओळ वाचली.

"कोण पंक्या?"

तो आमची तोंडं बघत राहिला आणि बोर्ड न घेताच गेला.

*

आता शेवटचा. हा तिकडे खुर्च्यांवर कोणी सांगितला नाही. सेठला माहीत होता, पप्पांना माहीत होता, दोघं तिथेच बसले होते. नाही सांगितला.

चौतीसनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी पंक्याच्या रुमालावर रक्त दिसलं. मी त्याला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तो मागे बसलाय की नाही, हे मला वाटेत दोनदा वळून बघावं लागलं. पप्पा कंपनीतून परस्पर आले, सेठ दुकान उघडं टाकून आला.

एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल. तिने फिल्म उजेडाकडे धरली, मग आमच्याकडे वळली.

"टीबी आहे. दोन्ही बाजूंना. इतके महिने काय करत होतात तुम्ही लोक?"

पप्पांनी सेठकडे बघितलं. सेठने माझ्याकडे. मी भिंतीकडे.

सिस्टर म्हणाली, "वजन घ्यायचंय, काट्यावर ये." पंक्या चप्पल काढून काट्यावर चढला. बोर्डवर चढायचा तसाच, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे जरा वाकवून. सवय! सिस्टर ओरडली, "सरळ उभा राहा रे." तो सरळ उभा राहिला.

काटा हलला आणि थांबला.

"अडतीस," सिस्टर म्हणाली. मग परत वाकून बघितलं. "अडतीसच."

पंक्या काट्यावरून उतरलाच नाही. खाली आकड्याकडे बघत होता. मग मान वर करून त्याने सेठकडे बघितलं.

"सेठ, मार्कर आहे ना?"

सेठचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"लिहून ठेवा. आता बारवी होतंय. जाऊन-येऊन." त्याला मध्येच खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही तिघं थांबलो. "आणि खाली माझं नाव टाका सेठ. नाहीतर उगाच कोणीतरी अर्ध्या रस्त्यात अडकायचं."