काळी कड

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ट्रेसरबाई म्हणायचे. बांधकाम खात्याच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक ट्रेसिंगचा कागद पसरायचा आणि शाईच्या पेनानं त्याची रेघ न् रेघ गिरवायची. चहाचा कप त्यांच्या टेबलावर कधी यायचा नाही. तो खिडकीत ठेवून उभ्यानं प्यायच्या. रेघ ओढताना श्वास रोखायच्या. "एकतीस वर्षांत निम्मा वेळ मी श्वासच घेतला नाही," म्हणायच्या, "तेवढं वय माझ्या वयातून वजा करा."

ट्रेसिंगची टेबलं हलली आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा बाईंना माझ्या शेजारी बसवलं. मी नकाशा विभागातली कॉम्प्युटरवाली. वयानं त्यांच्या निम्मी, पण शिकवायची मीच. मला वाटलं होतं, बाई महिनाभरात हात टेकतील. पण त्यांच्या बोटांचे सांधे दुखायला लागले होते, पेन नीट धरवत नव्हतं, आणि काम सोडून नुसतं बसायची त्यांना सवय नव्हती. रोज सकाळी त्या माउस रुमालानं पुसून घ्यायच्या, पेनाचं टोक पुसावं तसा. "शाई ओकत नाही, तेवढा गुण आहे याच्यात," एवढंच म्हणाल्या. चार महिन्यांत त्या माझ्याइतक्या वेगानं आकार काढायला लागल्या.

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, तेव्हा मोठ्या दवाखान्याच्या नकाशाचं काम आलं. त्या दवाखान्याच्या सहा इमारती वेगवेगळ्या काळात बांधलेल्या आणि मागाहून बोळांनी एकमेकींना जोडलेल्या. पेशंट आत शिरला की हरवलाच म्हणून समजा. तेव्हा प्रत्येक दाराशी लावायला एक मोठा फलक आणि खिडकीवर पेशंटच्या हातात द्यायला एक घडीचा कागद, असे दोन नकाशे हवे होते.

बाई जुन्या नकाशांवर विसंबल्या नाहीत. टेप घेऊन स्वतः गेल्या, बोळ मोजले, पायऱ्या मोजल्या, कुठलं दार दुपारी बंद असतं तेही विचारून आल्या. बारा दिवसांत नकाशा तयार. प्रत्येक विभाग म्हणजे एक आकार, आत रंग भरलेला आणि भोवती काळी कड. स्क्रीनवर तो इतका देखणा दिसत होता, की साहेब दोन वेळा खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

मग घडीच्या कागदासाठी आम्ही तोच नकाशा लहान केला. इथे आमचं चुकलं. आकार लहान झाले, कड मात्र होती तेवढीच जाड राहिली. आकारांबरोबर तीही लहान व्हावी म्हणून जी खूण करायची असते, ती केलीच नव्हती. माझ्याही लक्षात आलं नाही. बाई तो कागद मोठ्या हौसेनं घरी घेऊन गेल्या.

घरी त्यांची नणंद. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून या दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली; आवाज असा, की समोरच्या इमारतीला फोन लावायची गरजच नाही. दोनेक वर्षांपासून त्यांची नजर मंदावली होती. बघायला जावं ते नेमकं मधोमध धूसर दिसायचं. दर महिन्याला त्या याच दवाखान्यात डोळ्यांच्या उपचाराला जायच्या.

"वन्सं, ओळखा बघू हे काय आहे?" बाईंनी कागद पुढे केला.

वन्संनी तो नाकाशी नेला, मग लांब धरला. "चाळणी."

"चाळणी काय! तुमचा दवाखाना आहे तो."

"मग वहिनी, तुझ्या दवाखान्यात शिरलेला माणूस गाळूनच बाहेर पडणार."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ. वन्संचं खरं आहे." मी बघितलं. लहान खोल्या काळ्या कडांनी गिळून टाकल्या होत्या. जिने तर काळे ठिपकेच झाले होते.

"बाई, कड काढून टाका," मी म्हटलं.

"बारीक करू. काढायची कशाला?"

"बारीक केली तरी जाळं ते जाळंच. एकदा काढून तर बघा."

"मग नकाशात राहिलं काय?"

"रंग."

"रंग कोणीही भरतं गं. रेघेला हात लागतो."

जेवणाच्या सुट्टीत बाई डबा धुऊन आल्या, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "दाखव कसं काढतात."

रंगपट्टीच्या टोकाला फुली मारलेला एक चौकोन असतो. आकार निवडायचा आणि त्या चौकोनावर माउसचं उजवं बटण दाबायचं, की कड जाते. मी शहाणपणा दाखवायला अख्खा नकाशा एकदम निवडला आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीनशे बारा आकारांच्या कडा नाहीशा झाल्या.

"अगं, जिने कुठे गेले?" बाई ओरडल्या.

जिने गेले होते. लिफ्ट गेल्या होत्या. लांबलचक बोळही गेले होते. त्यांच्यात रंग भरलेलाच नव्हता. ते नुसत्या रेघेवर उभे होते. रेघ गेली तसे तेही गेले. "आता लोकांनी वरच्या मजल्यावर काय उडत जायचं?" बाई म्हणाल्या. मी घाईघाईनं सगळं मागे फिरवलं. पण तेवढ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. "थांब. परत काढ. कोपरा मोठा करून दाखव."

मोठा करून पाहिला, तर शेजारच्या दोन विभागांमध्ये पांढरा दोरा. पुढच्या दोघांमध्येही तसाच. आकार एकमेकांना भिडलेलेच नव्हते. काळ्या कडेखाली फट झाकली गेली होती एवढंच.

बाईंचा चेहरा उतरला. "हे माझं काम?"

"बाई, सगळ्यांचं असंच असतं. कड असली की कोण बघतंय?"

"मी बघते ना."

त्या दिवसापासून नऊ दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मी एका झटक्यात केलं होतं ते त्यांनी एकेका आकाराला हात लावून केलं. आधी बोळांना फिकट पिवळा रंग दिला, जिन्यांना गडद करडा, मग त्यांची कड काढली. त्यानंतर एकेक कोपरा चौपट मोठा करून, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकावर नेऊन टेकवलं. जिथे टोकं नीट बसेनात, तिथे खालचा आकार वरच्याच्या पोटाखाली केसभर सरकवला. हे करताना त्या पुन्हा श्वास रोखायला लागल्या होत्या. मी असते तर तिसऱ्या दिवशी कंटाळून बारीक करडी कड देऊन मोकळी झाले असते.

रोज संध्याकाळी एक कागद छापून घरी जायचा आणि सकाळी वन्संचा शेरा घेऊन यायचा. पहिल्या दिवशीचा शेरा होता, "हिरवा आणि निळा भांडण मिटल्यासारखे एक झालेत." कड नसल्यामुळे फिकट रंगाशेजारी फिकट रंग आला, की त्यांना दोन्ही एकच वाटायचे. मग बाईंनी रंगांची अदलाबदल केली, गडद शेजारी फिकट येईल अशी. तिसऱ्या दिवशी शेरा आला, "अक्षरं मुंग्यांसारखी." अक्षरं वाढवली. पाचव्या कागदावर वन्संनी नुसती मान डोलावली, आणि बाई त्या दिवशी ऑफिसात गुणगुणत होत्या.

पण साहेबांनी तो कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, नकाशाला रेघ नाही म्हणजे काय? बालवाडीतलं रंगकाम वाटतंय हे. पहिला होता तोच पाठवा."

एकतीस वर्षांत बाईंनी कुठल्या साहेबाला उलट उत्तर दिलेलं कोणाला आठवत नव्हतं. मला वाटलं, आताही मान खाली घालून निघतील.

"साहेब," त्या म्हणाल्या, "उद्या अकराला दहा मिनिटं द्याल? एका माणसाला घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी अकराला आधी जिन्यातून वन्संचा आवाज आला, मग काठी, मग वन्सं. साहेबांनी उठून खुर्ची दिली.

"बसते नंतर," वन्सं म्हणाल्या. "आधी परीक्षा होऊन जाऊ दे."

बाईंनी काळ्या कडांचा कागद त्यांच्या हातात दिला. "वन्सं, मुख्य दारातून आत आलात. डोळ्यांच्या विभागात जायचंय."

वन्संनी कागद जवळ नेला, लांब नेला, खिडकीकडे वळवला. मिनिटभरानं टेबलावर ठेवून दिला. "मी जाते परत घरी. डोळे आहेत तसे राहू देत."

मग दुसरा कागद. या वेळी त्यांचं बोट सरळ दारावर टेकलं. "हे दार. हा पिवळा बोळ. निळ्याला वळसा, इथे जिना, आणि हा जांभळा. डोळ्यांचा हाच ना?" बोट थांबलं. "अगं वहिनी, पण मला तर ते लोक मागच्या इमारतीतून फिरवून नेतात! दोन वर्षं मी हा एवढा वळसा घालतेय? पायांचे पण उपचार तिथेच करून घ्यायला हवे होते!"

साहेब हसले. मग त्यांनी चष्मा काढला, दोन्ही कागद हातभर लांब धरून आळीपाळीनं पाहिले, आणि चष्मा परत घातला. "पाठवा हा," म्हणाले. जाता जाता आपला शब्द राहावा म्हणून पुढे म्हणाले, "फक्त बाहेरच्या कुंपणाला तरी रेघ ठेवा."

"ठेवते," बाई म्हणाल्या. "तिथे भिंतच आहे, साहेब."

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात फलक लागले. आम्ही दोघी पाहायला गेलो आणि खांबाआड उभ्या राहिलो. पहिला आला तो माणूस फलकाला पाठ टेकून वॉचमनला रस्ता विचारू लागला. "डोळे मागे आहेत का याचे?" बाई पुटपुटल्या. मग एक बाई आली, कडेवर मूल, हातात एक्स-रेचं पाकीट. तिनं पिवळ्या बोळावरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबून मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं, आणि चालू लागली. ट्रेसरबाई तिच्या मागोमाग निघाल्या. मी हाक मारली तरी थांबल्या नाहीत. पाच मिनिटांनी परत आल्या त्या धापा टाकत. "गेली. बरोबर गेली," म्हणाल्या, आणि तिथल्या बाकावर बसून पदरानं चेहरा पुसू लागल्या. घाम पुसत होत्या की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दीड महिन्यानं साहेबांनीच त्यांना बोलावून घेतलं. आता त्या सोमवारी आणि गुरुवारी येतात. नव्यानं लागलेल्या दोन मुली त्यांच्या हाताखाली आहेत. मोठ्या बसस्टँडच्या नकाशाचं काम निघालंय, त्यासाठी आज सकाळपासून त्या तिघी फलाट मोजताहेत. मला आतापर्यंत तीन फोन आले. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "लिहून घे, अकरा नंबरच्या फलाटाला खांब सहा आहेत, कागदावर पाचच दाखवलेत. आणि वन्संना कळव, मला जेवायला उशीर होईल. त्यांनी थांबू नये."

वन्संना फोन करायला मी नंबर फिरवतेय. रिसीव्हर कानापासून जरा लांबच धरलाय.