सात दिवसांची पट्टी

माझी घासाघीस जिच्यापुढं चालली नाही अशी बाई जगात एकच, आणि ती माझ्या मुलीच्या शाळेतली नर्स. खांद्यावर साड्यांचं गाठोडं टाकून चिकोडीपर्यंत दारोदार फिरलेला, शहापुरात स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला माणूस मी. सुरतेच्या व्यापाऱ्याला घाम फोडतो. पण या बाईची आठवण आली की आजही डोकं तापतं.

शाळेत खरचटलेला गुडघा ती दोन मिनिटांत धुऊन पोराला पिटाळायची. जखम घरची असली की मात्र आईबापाला बोलावणं. “घरची जखम घरच्यांनी बघायची,” हा तिचा कायदा. पोरानं तोंड उघडायच्या आत ती ओळखायची, कारण घरच्या जखमेवर टूथपेस्ट, हळद, काहीबाही थापलेलं असायचं. एका वकिलाला तिनं काळ्या कोटात अर्धा तास पाण्याचं पातेलं धरून उभं केलं होतं. समजावायची मराठीत, झाडायची कानडीत. वकिलाच्या वाट्याला सगळं कानडीच आलं.

माझी पाळी आली ती ऐन गिऱ्हाइकात. लग्नाचा बस्ता बांधायला काकतीहून बारा माणसं आलेली, आणि हिचा फोन. “आप्पा, पोरीचं बोट बघाय या.” गेलो तर मला पहिलीच्या पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. आमचं मूळ निपाणीकडचं. जखमेवर तंबाखू दाबायची ही घरची रीत. ती म्हणाली, “हे बोट हाय का पानाचा विडा?”

मग मला व्हरांड्यात काढून पोरीला एकटीला विचारलं. मी काय चोर होतो? आतून पोरीचा आवाज आला, “वाऱ्यानं लोखंडी कपाटाचं दार लागलं.” दार मी आपटलं होतं, बायकोवरच्या रागात. पोरीचा हात मधे होता तो मला दिसला नव्हता.

नर्सबाई बाहेर आली. “सात दिवस रोज अकराला यायचं. पट्टी तुम्ही सोडायची, जखम तुम्ही धुवायची.”

“तीन दिवस येतो.”

“सात.”

“चार. पुढं मालकीण यील.”

“सात. आनि तुम्हीच.”

तिनं एक दिवस सोडला नाही. पहिल्या दिवशी मी हात पुढं केला तशी पोरीनं बोट मागं ओढलं आणि नर्सबाईपुढं धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाजारात माझा इतका अपमान कुणी केलेला नाही. पाचव्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, “दार वाऱ्यानं न्हाय लागलं. मी आपटलं.”

कापसावरची नजर न काढता बाई म्हणाली, “लोखंडी कपाट हाय ते, वाऱ्यानं कुठलं हलतंय. मला पहिल्याच दिवशी कळलंय. तिला सांगा.”

पोरीकडं बघून म्हटलं, “चुकलो गं.”

ती बोटाकडं बघत म्हणाली, “लई दुखलतं, आप्पा.” दुखलं म्हणाली ती पाच दिवसांत पहिल्यांदा. आणि बोट माझ्या हातात दिलं.

सातव्या दिवशी “झालं, उद्यापासनं यायचं न्हाय,” एवढं म्हणून बाईनं मला घालवून दिलं. चार चांगले शब्द बोलायलाही जागा ठेवली नाही. आता ती निवृत्त होऊन नंदगडला असते. एकदा तिथं जाऊन भांडायचं माझ्या मनात आहे.

आठव्या दिवशी अकराला साडी उलगडता उलगडता मी उठलो, चपलेत पाय घातले. गिऱ्हाईक म्हणालं, “कुठं निघालासा, अण्णा?”

“कुठं न्हाय,” म्हटलं, आणि परत गादीवर बसलो.