कोलशेतच्या बांधावरची बुजवलेली बिळं

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. लहानपणी आई भगताकडे न्यायची, तेव्हा त्याने लावलेला अंगारा मी वाटेतच पुसून टाकायचो. त्यामुळे हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं... वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

आमचं गाव कोलशेत, ठाण्याच्या उत्तरेला, खाडीला लागून. घरामागे भाताची खारजमीन, आणि ती व खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध — बस्स. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. बांधाचे खरे वैरी म्हणजे चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. त्या बिळं पोखरतात आणि उधाणाचं पाणी तिथूनच वाट काढतं.

वडील लवकर गेले, मला आजाने वाढवलं. तो मला बांधावर पालथं झोपवून बिळात खांद्यापर्यंत हात घालायला लावायचा. चिंबोरीने बोट धरलं की मी बोंब ठोकायचो.

"हलू नको रं, सोरंल ती," म्हणत ती बोट सोडेपर्यंत आजा हसत राहायचा.

चिंबोरी टोपलीत पडली रे पडली की मी पुढच्या बिळाकडे धावायचो, आणि मागून हाक यायचीच — "आरं, कारलीस ना? मंग बील बुजव पयला! नाय तं खारा पानी शेतान येल."

आधी पेंढ्याचा बोळा, वर चिकण माती, आणि त्यावर टाच रोवून एक गिरकी. ती गिरकी आजाचीच. मी घेतली की हमखास चिखलात आपटायचो. ठाण्याला आगगाडी आली तेव्हा अख्खा गाव तिला बघायला गेला होता म्हणे. उधाणाचा दिवस होता म्हणून आजा तेवढा बांधावर राहिला.

श्रावणात आजा गेला. मी ठाणे स्टेशनात मालाच्या ऑफिसात कारकून. सकाळी दोन कोस चालत जायचं, दिवसभर गोऱ्या साहेबाची बोलणी खायची, दिवे लागल्यावर तेवढंच चालत परत. घरी टेकलो की डोळे मिटायचे. भात लोंबीला आलेलं, कोजागिरीचं उधाण तोंडावर, आणि बिळं बुजवण्यासाठी आईचा रोज एकच धोशा, "बाला, बिलं उगरी हान." शेवटी उधाणाच्या आदल्या दिवशी रजा मागितली. मिळाली अर्धीच. उन्हं कलताना फावडं घेऊन बांधावर गेलो.

सगळी बिळं बुजवलेली होती. ओल्या मातीने... आणि प्रत्येकावर टाचेच्या गिरकीचा गोल खळगा.

एक उकरून पाहिलं. आत पेंढ्याचा बोळा. तसाच घरी आलो, तर दारातच आई म्हणाली, "जेवून तरी जायचास. सकाली बांदावं वाकलेला दिसलास. हाका मारल्या, वलून पन नाय बगलास."

"आये, मी तं सकालपासून ठान्यान होतू."

ती मग पानावर भात घेऊन बांधावर गेली, पाठोपाठ मीही गेलो. मोकळ्या बांधाकडे बघत ती आजाला म्हणाली, "बाबा, जल्मभर राबून झाला, आता तरी इसावा घ्या. पोर करल."

मला गहिवरून आलं. आणि खरं सांगू? थोडा रागही आला — शब्द माझा, आणि देऊन मोकळी झाली ती.

उधाण आलं नि गेलं. बांधातून थेंबही झिरपला नाही. गावात विचारलं, तर शेजारी म्हणाले, आमचाच बांध आम्हाला आवरेना, तुझा कोण बुजवणार? आईला भास झाला म्हणावं, तर ती माती मी या हातांनी उकरलेली. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

पंधरवड्यात चिंबोऱ्यांनी पुन्हा बांध पोखरला. दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाआधी मी परत गेलो. फावडं होतं हातात, पण गेलो तो आशेनेच... बिळं उघडी होती, एकूण एक. आजाच्या मर्तिकाला रडलो नव्हतो तेवढा तिथे बसून रडलो. मग उठलो. अंधार पडायच्या आत सगळी बुजवायची होती.