रज्जाकभाईंची कबुतरं

गंज पेठेत शाळेचा युनिफॉर्म शिवायचा तर रज्जाकभाईंकडे, हे त्यांच्या वडिलांच्या काळापासून ठरलेलं. कुठल्या शाळेची चौकट केवढी, कुठल्या शाळेचा निळा दुसरीच्या निळ्याहून किती गडद, सगळं तोंडपाठ. पोराचं माप घेतलं की दोन इंच वाढवून शिवायचे. बाही लांब झाल्याची तक्रार घेऊन आई आली तर म्हणायचे, "बाही थांबलीये ताई, हात यायचाय अजून." सगळा जन्म पेठेत गेलेला माणूस, सरळ उत्तर देण्याची सवयच नव्हती.

मापाबरोबर पोरांना उपदेश फुकट मिळे आणि त्याचा विषय एकच, मोबाईल. टेप मानेभोवती टाकायचे आणि विचारायचे, "दिवसातून किती वेळ बघतोस?" पोरगं खालमानेनं "एक तास" म्हणालं की पोराच्या आईकडे बघून "म्हणजे चार," असं सांगून मोकळे व्हायचे. मोबाईलनं डोळे जातात, मार्क जातात, शेवटी पोर जातं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शेजारचे वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे दिगंबरशेठ गल्ल्यावरूनच मान डोलवायचे. त्यांच्या घरात दोन नातवंडं होती आणि चार मोबाईल.

रज्जाकभाईंच्या घरी मात्र फोन एकच आणि तो त्यांच्याच खिशात. मुलगी रझिया मराठी शाळेत शिकत होती आणि गणितात वर्गात पहिली यायची. "माझी पोर फोनला हात लावत नाही," असं ते छाती फुगवून सांगत. लावणार कशी? देत कोण होतं?

मग कोरोनाचं वर्ष आलं. शाळा बंद, म्हणजे युनिफॉर्म बंद. चौकटीच्या कापडाचे तागे फडताळात पडून राहिले. उन्हाळा संपल्यावर दुकान उघडायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी त्याच कापडाचे मास्क शिवायला घेतले. सत्तरीचे आजोबा मुलींच्या शाळेची गुलाबी चौकट तोंडावर बांधून भाजी आणायला जाऊ लागले. लोक हसले, पण रज्जाकभाईंना हसू येईना. ज्या हातांनी शंभर-शंभर पोरांची मापं घेतली ते हात आता दिवसभर वीतभर कापडाला नाड्या लावत होते. जेवता जेवता ते ताटावरून उठायचे. बायको मेहरुन विचारायची, काय होतंय? काही नाही, एवढंच उत्तर यायचं.

तेव्हा एका संध्याकाळी रझियानंच त्यांना फोनवर कबुतरं काढून दाखवली. लग्नाआधी रज्जाकभाईंनी गच्चीवर बावीस कबुतरं पाळली होती. सासऱ्यांनी अट घातली, कबुतरं तरी ठेव नाहीतर मुलगी तरी कर. त्यांनी मुलगी केली. मेहरुनशी भांडण झालं की त्यांना अजून कबुतरं आठवत. आता फोनवर कुठल्या कुठल्या गावांची, शर्यतीची, गिरक्या घेणारी, पायात पैंजण घातलेली कबुतरं बघून हा माणूस चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. "अगं मेहरुन, याचा डोळा बघ, डाळिंबाचा दाणा आहे." त्या रात्री ते पोटभर जेवले. रझियानं ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

मग रोजचा परिपाठ पडला. सकाळी आठला दुकान उघडायचं, मशीनवरच्या रिळाच्या दांडीला फोन टेकवायचा आणि कबुतरं बघत मास्क शिवायचे. बाराच्या जरा आधी पडद्यावर एक गोल फिरायला लागे आणि कबूतर हवेतच थांबे. रज्जाकभाई म्हणत, "दमला बघ." तेवढ्यात रझिया डबा घेऊन येई. ते फोन पुसून तिच्या हातात देत. तिची नववीची ऑनलाइन शाळा एक ते चार असे. "जपून वापर, गरम झालाय," एवढं बजावायला ते विसरत नसत.

फोन दमत नव्हता. त्यात रोजचा दीड जीबी भरलेला असे आणि तेवढा संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत फोन नुसता रांगे. कंपनी तसं इंग्रजीत कळवतही होती, पन्नास टक्के संपला, नव्वद टक्के संपला, सगळा संपला. रज्जाकभाईंना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. मध्येच कबुतरावर येणारी ही जाहिरात ते अंगठ्यानं बाजूला सारत. इंग्रजी रझियाला येत होतं.

दिवाळीनंतर चाचणीचे मार्क आले. गणितात वीसपैकी सहा. सोबत वर्गशिक्षिका उल्काबाईंचा निरोप होता, रझियाची हजेरी फार कमी आहे, पालकांनी भेटावे. रझिया हल्ली गप्प असते, डोकं दुखतं म्हणते, हे मेहरुनच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतंच. त्यांनी दोन आणि दोन चार केले. डबा घेऊन आलेल्या पोरीला त्यांनी दुकानाच्या पायरीवरच उभं केलं. समोर तीन गिऱ्हाइकं आणि दिगंबरशेठ.

"सहा मार्क. सगळ्या पेठेच्या पोरांना मी शिकवतो आणि माझ्याच घरात हे. काय बघत असतेस दुपारभर?"

"काही नाही अब्बा. नेटवर्क नसतं."

"बाईंनाही हेच सांगतेस? उद्या शाळेत चल. नाव काढून टाकतो. काज-बटणाला बस इथं, निदान हातात कला राहील."

रज्जाकभाई रागात बोलले तरी बोललेलं करणारे होते. त्यांच्या बहिणीचं शिक्षण असंच एका दुपारी संपलं होतं आणि ते कुणी पुन्हा सुरू केलं नव्हतं. रझियानं डबा ठेवला आणि ती गेली. तिन्ही गिऱ्हाइकं मास्क निवडण्यात गढून गेली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला रज्जाकभाई दुकानातून उठून थेट शाळेत गेले. रझिया घरून येऊन फाटकाशी उभी होती. रिकाम्या वर्गात उल्काबाई एकट्या बसल्या होत्या. रज्जाकभाईंनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, पोलिसानं मुद्देमाल ठेवावा तसा.

"बघा बाई, तुम्हीच बघा ही काय बघते ते. सकाळभर फोन माझ्याजवळ असतो, माझ्या नजरेसमोर. हिच्या हातात गेला की बिघडतं सगळं."

"सकाळभर तुमच्याजवळ?"

"एक मिनिट सोडत नाही."

उल्काबाईंनी चष्मा चढवला. निरोपांची यादी उघडली आणि एकेक वाचून मराठीत सांगू लागल्या. "आज, अकरा वाजून चाळीस मिनिटं. तुमचा आजचा डेटा संपला. काल, अकरा पन्नास. संपला. परवा साडेअकरा. संपला." मग त्यांनी डेटा संपला म्हणजे काय होतं, वर्गात आवाज का तुटतो, चेहरा का थिजतो, हेही शांतपणे सांगितलं. आणि कशावर संपला तेही उघडून दाखवलं. आजच्या तारखेखाली नऊ कबुतरं होती. कालच्या खाली बारा.

रज्जाकभाईंना आता उलगडलं. गोल फिरायला लागलं की दमला, दमला की पोरीला द्यायचा. कित्येक महिने ते आपल्या लेकीच्या हातात रोज रिकामं भांडं देत होते आणि वर जपून वापर म्हणत होते.

तेवढ्यात रझिया बोलली. "बाई, ती कबुतरं मी बघते. मला आवडतात."

आज तर तिनं फोनला हातही लावला नव्हता. हे तिला ठाऊक होतं, रज्जाकभाईंना ठाऊक होतं आणि उल्काबाईंना तर त्यांनीच नुकतं सांगितलं होतं. आता एकच वाक्य बोलायचं होतं. रज्जाकभाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंसमोर, शाळेत, ज्या शाळेची तीस वर्षं चौकट शिवली तिथं त्यांची जीभ उचलेना. पोरीनं पुढं केलेला खोटेपणा त्यांनी घेतला.

उल्काबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग रझिया, तू कबुतरं जरा कमी कर."

रस्त्यात ते दोन पावलं पुढं चालत होते, पोरीचं तोंड दिसू नये म्हणून. ती घराकडे वळली, ते दुकानात आले. दिगंबरशेठांनी विचारलं, "काय, मोबाईलच ना?"

"मोबाईलच," रज्जाकभाई म्हणाले आणि पाच मिनिटांत दुसऱ्यांदा त्यांना स्वतःची किळस आली.

मशीनवर बसले, सुईत दोरा जाईना. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांना शहाणपण शिकवलं आणि आपली चौदा वर्षांची पोर आपली अब्रू झाकायला उभी राहिली. आपण ती तिला झाकू दिली. चुकून डेटा संपवला त्याची लाज एवढीशी होती. गप्प बसल्याची लाज गिळता येईना. दीड वाजता त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि पुन्हा शाळेची वाट धरली.

उल्काबाईंचा ऑनलाइन तास संपायची वाट बघत ते बाहेर उभे राहिले. बाई दारात आल्या तेव्हा मास्क खाली ओढून म्हणाले, "बाई, कबुतरं माझी आहेत."

"ठाऊक आहे. किती वेळ लागतो तेवढंच बघत होते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "फार नाही लागला. नाव काढायचंय का अजून?"

"नाही. नाही बाई."

परत आल्यावर दिगंबरशेठांच्या दुकानात गर्दी होती. रज्जाकभाई पायरीवर उभे राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शेठ, मी चुकलो. फोन ती बघत नव्हती, मी बघत होतो. पोरीचे मार्क मी घालवले." दिगंबरशेठांनी पेन्सिलचा खोका उगीच सरळ केला. कालच्या गिऱ्हाइकांपैकी मात्र तिथं कुणीच नव्हतं. त्यांना कुठं शोधणार होते?

घरी त्यांनी रझियाशी बोलायचा प्रयत्न केला. "तू मला बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही जेवायला लागला होतात."

दुसऱ्या दिवसापासून फोन सकाळी घरीच राहिला. चार वाजता रझिया तो घेऊन दुकानात आली. "अब्बा, अर्धा उरलाय, रात्री फुकट जाईल. बघा." तिनं तो रिळाच्या दांडीला टेकवला. "चित्र बारीक केलंय, म्हणजे कमी लागेल. डोळा दिसणार नाही, पण कबूतर दिसेल." आणि शेजारच्या स्टुलावर बसून तिनं गणिताची वही उघडली. सप्टेंबरचा धडा, जो तिनं कधी ऐकलाच नव्हता.

रज्जाकभाई खाली मान घालून शिवत राहिले. थोड्या वेळानं पडद्यावर गोल फिरायला लागलं. सवयीनं त्यांनी फोन उचलला, "दमला बघ," म्हणाले आणि तिच्यापुढं धरला. मग काय करतोय ते कळलं आणि हात तसाच राहिला.

रझियानं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "नेटवर्क गेलंय अब्बा. येईल."

इतके महिने ती बाईंना हेच सांगत आली होती.